हाउसफुल्ल झालं, पण उरलं किती? विद्यार्थ्यांनी मदतीची रात्र बसवताना

डिसेंबर २०१८. पुण्यातल्या एका भाड्याच्या सभागृहाच्या पायरीवर आम्ही पाच जण रात्री सव्वाअकराला बसलो होतो. कार्यक्रम तुफान झाला होता. शेवटच्या नाचाला वन्समोअर मिळाला होता आणि ज्यांचा आमच्याशी कधी संबंध आला नव्हता असे प्राध्यापकही पाठ थोपटून गेले होते. हिशोबाची वही माझ्याकडे होती. मी तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं: शिल्लक ३,१४० रुपये.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते. आमच्या वर्गातल्या मराठवाड्याच्या मुलांना घरून पैसे येणं थांबलं होतं. काही जण एकाच डब्यात दोघं जेवत होते. त्यांच्या मेसचे पैसे भरायचे म्हणून हा सगळा खटाटोप होता. मेस महिना २,६०० रुपये. म्हणजे आमच्या तुफान कार्यक्रमातून एका मुलाचं सव्वा महिन्याचं जेवण निघालं.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, आम्ही तोच कार्यक्रम पुन्हा केला. प्रेक्षक निम्म्याहूनही कमी होते, जमाही हजारभर रुपयांनी कमीच झाली, पण उरले ६२,२०० रुपये. त्या दोन महिन्यांत जे शिकलो ते खाली पायऱ्यापायऱ्यांनी लिहितो आहे. कॉलेजचा गट, वसतिगृह, एनएसएसचं युनिट, नाट्यमंडळ, कुणीही मदतनिधीसाठी अशी रात्र बसवत असेल तर त्याला हे उपयोगी पडेल.

१. आधी आकडा ठरवा

"जमेल तेवढं जमवू" असं म्हणून सुरुवात करू नका. किती जणांना, कशासाठी, किती महिने, हे कागदावर लिहा. दुसऱ्या वेळी आमचा कागद एका ओळीचा होता: आठ जण, तीन महिने, महिना २,६००, एकूण ६२,४००. पुढचा प्रत्येक निर्णय या ओळीशी ताडून घेतला. कुणी म्हणालं, "स्टेजला मागे फुलांची कमान करू या, साडेतीन हजारांत होते," तर मी म्हणायचो, "म्हणजे एकाची एक महिन्याची मेस आणि वर नऊशे." कमान आपोआप रद्द व्हायची.

यादीतली आठ नावं फक्त एका मॅडमना आणि मला माहीत होती. हे सुरुवातीलाच ठरवा. गटात वीस जण असतील तर वीस जणांना नावं कळायची काही गरज नसते.

२. जागा: आपलं छप्पर असेल तर तेच

नाट्यगृहाचा मोह सगळ्यांना होतो. मखमली पडदा, तिसरी घंटा, विंगेतून डोकावणं. पण महापालिकेच्या नाट्यगृहांच्या तारखा खूप आधी वाटल्या जातात, शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांकडे जातात, आणि खासगी सभागृहाचं भाडं तुमच्या निम्म्या तिकिटांवर पाणी सोडतं. शिवाय नाट्यगृह सत्रावर मिळतं. सत्र संपलं की घड्याळ तुमच्या विरोधात धावायला लागतं. आमचा कार्यक्रम पाऊण तास लांबला आणि अनामत रकमेतून दोन हजार कापले गेले. ते पैसे परत मागायला गेलो तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे कराराचा कागद दाखवला. खाली माझीच सही होती.

पहिल्या रात्रीचा खर्च मोजून दाखवतो. भाडं १८,०००, वेळ लांबल्याचे २,०००, साउंड आणि लाइट २२,०००, फ्लेक्स-सजावट ६,५००, कपडेपटाचं भाडं ९,२००, कलाकारांचं जेवण ७,८००, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ-हार ३,४००, छपाई ४,१००, टेम्पो २,०००. बरोबर ७५,०००. आणि जमा किती? ७८,१४०.

दुसऱ्या वेळी कॉलेजचाच हॉल घेतला. २४० खुर्च्या, तीन पंखे आवाज करणारे, पडदा अर्धा सरकला की अडकायचा. भाडं शून्य. कॉलेजचे स्वतःचे सहा लाइट होते, तेवढ्यावरच भागवलं. एकूण खर्च १५,००० वर आला. प्रेक्षकांपैकी एकानेही पडद्याबद्दल तक्रार केली नाही. उलट अडकलेला पडदा ओढायला आमचा शिपाईमामा आला तेव्हा सगळ्यांत मोठी टाळी त्यालाच मिळाली.

उघड्या मैदानाचा विचार असेल तर जरा थांबा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहातल्या आवाजाला यात सवलत आहे. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र असू शकतो, तिथे मर्यादा आणखी कडक असते. कॉलेजच्या मैदानावर ‘आपलंच तर आहे’ म्हणून भोंगे लावले आणि शेजारच्या सोसायटीतून पोलिसांना फोन गेला, असं दरवर्षी कुठे ना कुठे होतंच.

३. तारीख

विद्यापीठाच्या परीक्षेआधीचे तीन आठवडे टाळा. गॅदरिंगचा आठवडा टाळा, कारण तेव्हा फुकट कार्यक्रमांचा पूर असतो. क्रिकेटच्या सामन्यांचं वेळापत्रक बघा. महिन्याचा शेवटचा आठवडा तर मुळीच नको, नोकरदार पालकांचा खिसा तेव्हा रिकामा असतो. पगारानंतरचा पहिला शुक्रवार किंवा शनिवार उत्तम. तयारीला सहा आठवडे पुरतात. चारमध्येही होतं, पण मग भांडणं फार होतात.

वेळ संध्याकाळी साडेसहा. नऊला पडदा पडलाच पाहिजे. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक, शेवटची बस आणि आजी-आजोबांची झोप या तिन्ही गोष्टी तुमच्या कार्यक्रमापेक्षा ताकदवान आहेत.

४. परवानग्या: इथे घाई करू नका

सगळ्यांत कंटाळवाणा भाग हाच, आणि सगळ्यांत जास्त कार्यक्रम इथेच अडकतात. आम्हाला वाटलं होतं, प्राचार्यांची सही झाली की झालं. पण तिकीट लावलं की कॉलेजचा घरगुती कार्यक्रम सार्वजनिक होतो आणि नियम बदलतात.

*संहिता.* महाराष्ट्रात नाटक, एकांकिका, प्रहसन लोकांसमोर तिकीट लावून करायचं तर संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. स्पर्धेतली मुलं याला सरळ ‘सेन्सॉर’ म्हणतात: "सेन्सॉर झालं का? नंबर आला का?" तुमच्या गटातली एखादी एकांकिका आधी स्पर्धेत झालेली असेल तर तिचं प्रमाणपत्र बहुधा असतं, त्याची प्रत मागून घ्या. आम्ही दुसऱ्या वेळी हाच रस्ता धरला. नवी संहिता असेल तर सहा आठवड्यांपैकी पहिल्याच आठवड्यात पाठवा.

*लेखकाची परवानगी.* एकांकिका दुसऱ्याने लिहिलेली असेल तर लेखी परवानगी आणि प्रयोगाचं मानधन, दोन्ही विचारा. मदतीचा प्रयोग आहे म्हटल्यावर बरेच लेखक मानधन सोडतात, पण ते त्यांनी सोडायचं असतं, आपण गृहीत धरायचं नसतं. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. त्यामुळे १९१६ साली गेलेले देवल किंवा १९१९ साली गेलेले गडकरी यांच्या नाटकांतले प्रवेश कुणालाही न विचारता करता येतात. विनोदी रात्रीसाठी तो खजिनाच आहे, आणि आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांनी तो उघडून पाहिलेला नाही.

*गाणी.* इथे एक मोठा गैरसमज आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला सवलत आहे खरी, पण ती प्रेक्षक म्हणून फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील तेव्हाच. हौशी मंडळांची सवलतही प्रेक्षक पैसे न देणारे असतील तेव्हासाठी आहे, किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी. बाहेरच्यांना तिकीट विकलं की दोन्ही दारं बंद. मग चित्रपटगीतं गायला गीत-संगीताच्या हक्कांसाठी आयपीआरएससारख्या संस्थेचा परवाना लागतो, आणि मूळ ध्वनिमुद्रण वाजवून नाचायचं असेल तर ध्वनिमुद्रणाच्या मालकांचाही. खर्च वाचवायचा असेल तर पारंपरिक ओव्या, भारूड, गोंधळ, वासुदेव आणि स्वतः चाल लावलेले अभंग घ्या. लक्षात ठेवा, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण तुम्ही रेडिओवर ऐकलेली त्याची चाल कुणातरी संगीतकाराची आहे.

*पोलीस ठाणे.* तारीख, वेळ, जागा, अंदाजे प्रेक्षक, जबाबदार प्राध्यापकांचं नाव, असं कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र दोन प्रतींत न्या. एका प्रतीवर पोच घ्या. पोच घेतली नाही तर पत्र दिलंच नाही असं समजा. तिथे आणखी कोणता परवाना लागतो का, हेही त्याच खेपेत विचारून घ्या.

*देणग्या.* नोंदणी नसलेल्या गटाने लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच ही. आम्ही हा फेरा टाळला, कारण सगळा पैसा कॉलेजच्या नोंदणीकृत ट्रस्टच्या नावाने आणि त्यांच्याच पावतीपुस्तकावर घेतला.

*कर.* नाटक, नाच, संगीताच्या कार्यक्रमाचा प्रवेश माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला त्याहून जास्त दर लावायची वेळ बहुधा येत नाही.

फाइलमध्ये एवढे कागद हवेत:

- प्राचार्यांचं परवानगीपत्र आणि हॉलचं आरक्षण
- संहितेचं प्रमाणपत्र, लेखकाचं पत्र
- गाण्यांची यादी आणि परवान्याची प्रत
- पोलीस ठाण्याची पोच
- ट्रस्टचं पत्र: कोणत्या कामासाठी पैसे जमा होत आहेत
- साउंडवाल्याचं लेखी दरपत्रक
- प्रवेशिकांची वाटपवही आणि पावतीपुस्तक

या फाइलची दुसरी प्रत कार्यक्रमाच्या दिवशी दारावर बसणाऱ्याकडे ठेवा. मूळ फाइल कुणाच्या तरी सॅकमध्ये असते आणि तो कुणीतरी नेमका मेकअपला बसलेला असतो.

५. पैसे कुणाच्या खात्यात?

कुणाही विद्यार्थ्याच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. पहिल्या वेळी आम्ही आमच्या एका मित्राचा क्यूआर पोस्टरवर छापला. त्याच आठवड्यात त्याच्या खात्यात घरून फी आली, त्याने मोबाइलचा रिचार्ज केला, दोघांचे उसने पैसे फेडले. एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. पण खात्याचा उतारा समोर ठेवून कोणते पैसे कशाचे हे शोधताना दोन रात्री गेल्या, आणि तो बिचारा चोर असल्यासारखा खाली मान घालून बसला. असं कुणावर आणू नका.

कॉलेजच्या विद्यार्थी-कल्याण खात्याचा क्यूआर मागा. लेखनिक सुरुवातीला नाही म्हणतील, दोन दिवसांनी पुन्हा जा. मोठ्या देणगीदारांना आयकर सवलतीची पावती हवी असते (आमच्या वेळी ती ८०जी कलमाची होती). ट्रस्टला ती मान्यता आहे का ते आधीच विचारा, आणि रोख २,००० पेक्षा जास्त देणगीला करसवलत मिळत नाही हे त्यांना सांगा, म्हणजे ते स्वतःच चेक देतात.

६. खर्च आधी भागवा, तिकीट नंतर विका

पूर्ण लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. तिकिटांच्या पैशातून खर्च करायचा नाही. खर्च दुसरीकडून उभा करायचा आणि तिकिटाचा रुपया न् रुपया कामाला जाऊ द्यायचा.

दुसऱ्या वेळी आमचा खर्च असा होता: साउंड ७,०००, कपडे २,५००, छपाई १,८००, कलाकारांचा चहा-वडापाव २,७००, किरकोळ १,०००. हे पंधरा हजार आम्ही कार्यक्रमपत्रिकेवरच्या जाहिरातींतून आणले. आठ जाहिराती, प्रत्येकी २,०००. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागलोच नाही. कॉलेजच्या फाटकासमोरचा झेरॉक्सवाला, सायकल-दुरुस्तीवाला, अमृततुल्य, स्टेशनरीचं दुकान, चष्मेवाला. ज्यांच्याकडे आम्ही रोज पैसे देतो त्यांच्याचकडे गेलो.

कसं मागायचं? दुपारी तीन ते चारमध्ये जा, गिऱ्हाईक नसतं. दोघांनी जा, सहा जणांनी नाही. पत्रिकेचा कच्चा नमुना बरोबर न्या, त्यात त्यांच्या दुकानाचं नाव आधीच लिहिलेलं असू दे. झेरॉक्सवाल्या काकांनी नमुना पाहिला, नावातली ऱ्हस्वाची चूक दाखवली आणि म्हणाले, "हे दुरुस्त करा, मग देतो." दिले. वर छपाईचा खर्चही त्यांनी निम्मा घेतला.

शाल-श्रीफळ बंद करा. प्रमुख पाहुण्यांना आधीच सांगा की त्यांच्या सत्काराचा खर्च मेसमध्ये जाणार आहे. चांगला पाहुणा खूश होतो. जो होत नाही त्याला कळतं की पुढच्या वर्षी यायचं नाही, तोही फायदाच.

७. प्रवेशिका

दर जरा चढा ठेवा. आम्ही आधी १५० ठेवला होता, मग २०० केला, आणि कुणीही कुरकुर केली नाही, कारण प्रवेशिकेवर छापलं होतं: ‘१३ प्रवेशिका = एका विद्यार्थ्याची एका महिन्याची मेस’. मदतीच्या खेळाला लोक वेगळ्या हिशोबाने पैसे देतात. १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन संयुक्त ‘मानापमान’ केलं, तेव्हाही दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते आणि तरी लोक लोटले.

प्रवेशिकेला क्रमांक आणि स्थळप्रत (फाडल्यावर पुस्तकात उरणारा तुकडा) हवी. दहा-दहाची पुस्तकं करा. पुस्तक देताना वहीत सही घ्या, आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी उरलेल्या प्रवेशिका परत घ्या. न विकलेली प्रवेशिका परत आली नाही तर ती विकली असं धरून पैसे घ्यायचे, हा नियम पहिल्या दिवशी सांगितला तर कुणी रागावत नाही. शेवटच्या दिवशी सांगितला तर मैत्री तुटते.

पास हा खरा सापळा. पहिल्या वेळी ६०० खुर्च्या भरल्या होत्या, तिकिटं विकली गेली होती ४१०. उरलेले सगळे ‘आपले’ होते: कलाकारांचे भाऊ, भावांचे मित्र, सरांच्या सोसायटीतले लोक. दुसऱ्या वेळी फक्त पहिली रांग सन्मानिकांना ठेवली आणि कलाकारांनीही आपल्या आईबाबांची तिकिटं विकत घेतली. मी माझ्या मामाला तिकीट विकलं तेव्हा तो आधी हसला, मग चार घेतली. २४० पैकी २०५ प्रवेशिका विकल्या गेल्या, म्हणजे ४१,०००.

८. क्रम: कुणाला कधी उभं करायचं

यावर मी तासभर बोलू शकतो.

पहिली गोष्ट, लांबी. मध्यंतर धरून सव्वादोन तास, त्यापेक्षा एक मिनिटही जास्त नको. तालमीत सव्वादोन भरला तर प्रत्यक्षात अडीच होतो. म्हणून कागदावर दोन तासांचाच बसवा.

दुसरी गोष्ट अनुभवाने कळली. प्रत्येक कलाकार स्वतःची माणसं घेऊन येतो आणि आपल्या लेकराचा नाच झाला की ती माणसं उठतात. आम्ही बारा मुलींचा समूहनाच पहिला ठेवला होता. तो संपला आणि पन्नासेक खुर्च्या एका झटक्यात रिकाम्या झाल्या. पुढे गझल म्हणणारा मुलगा रिकाम्या रांगांकडे बघत गायला. दुसऱ्या वेळी तोच समूहनाच आम्ही दोन तुकडे करून लावला: गोंधळ पहिल्या भागात, शेवटचा नाच अगदी अखेरीस. बाराही घरची माणसं शेवटपर्यंत बसली.

सुरुवात जोरात हवी, पण सगळ्यांत जोरात नको. पोवाडा किंवा ढोलकी चालते. दुसरा कार्यक्रम शांत, म्हणजे उशिरा येणाऱ्यांची खुडबुड गाण्याऐवजी टाळ्यांच्या वेळी होते. नक्कल आणि स्टँडअप मध्यंतराआधी. लोक हसत बाहेर गेले की वडापाव जास्त खपतो, हे गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या स्टॉलला २,९०० रुपये सुटले. एकांकिका मध्यंतरानंतर लगेच, म्हणजे नेपथ्य लावायला पंधरा मिनिटं मिळतात. ठोकळे आणि एक बाज एवढ्यावर होणारी एकांकिका निवडा. फिरत्या भिंती स्पर्धेत ठीक.

निवड करताना एका सरांना किंवा मॅडमना संहिता नक्की वाचायला द्या. आमच्या एका मित्राच्या स्टँडअपमध्ये टँकरवर सलग चार विनोद होते. पुण्यात ते खूप हसवणारे होते. ज्यांच्यासाठी पैसे जमवत होतो ते मागच्या रांगेत बसणार होते. मॅडमनी फक्त विचारलं, "हे त्यांच्यासमोर म्हणशील का?" त्याने दोन काढले आणि दोन ठेवले. ठेवलेले दोन लातूरच्या मुलानेच लिहून दिले होते, ते सगळ्यांत चांगले निघाले.

निवेदकाला एका वेळी ४० सेकंद. चारोळ्या नकोत.

९. आवाज आणि वीज

ट्रॅक क्रमांक घालून ठेवा: ०१, ०२, ०३. पेनड्राइव्हवर एक प्रत, लॅपटॉपवर दुसरी, आणि विमान-मोडवर टाकलेल्या फोनमध्ये तिसरी. फोन विमान-मोडवर का? कारण आमच्या गोंधळाच्या मधोमध कुणाच्या तरी आईचा फोन आला आणि रिंगटोन पूर्ण सभागृहाने ऐकली.

कॉर्डलेस माईकच्या बॅटऱ्या नव्या घाला, जुन्या चालतील असं कुणी म्हटलं तरी. एकांकिकेला पुढे फुटमाईक आणि वरून हँगिंग माईक लागतात, हातातला माईक देऊ नका. गायकासमोर मॉनिटर (त्याचा आवाज त्यालाच ऐकवणारा स्पीकर) नसेल तर तो बेसूर होतो आणि दोष त्याला मिळतो.

विजेचं गणित करून बघा. साध्या १६ अँपियरच्या सॉकेटवर साधारण साडेतीन किलोवॅट भार चालतो. १,००० वॅटचे जुने हॅलोजन चार लावले की पलीकडे गेलात, आणि साउंड त्याच बोर्डावर असेल तर ऐन टाळीच्या वेळी अंधार. ‘एलईडी पार’ प्रकारचे लाइट घ्या, आणि साउंडची लाइन वेगळी ठेवा. कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनना आदल्या दिवशी बोलवा, त्याच दिवशी नाही.

पूर्ण तालीम दोन वेळा: एक तीन दिवस आधी फक्त प्रवेश-निर्गम आणि ट्रॅकसाठी, एक आदल्या दिवशी कपड्यांसकट, थांबायचं नाही.

१०. त्या दिवशी

दुपारी तीनला सगळे हजर. दारावर तिघं, विंगेत एक, साउंडजवळ क्रमाचा कागद घेऊन एक, ग्रीनरूममध्ये एक. हे सहा जण स्टेजवर काहीही करणार नाहीत, यावर ठाम राहा. वाटांमध्ये जादा खुर्च्या टाकू नका, मागचं दार कुलूप न लावता ठेवा, स्टेजवर खरी मशाल-निरांजन नको. नटराजाची पूजा आणि नारळ पडद्यामागे सहाला. नारळाचं पाणी स्टेजवर सांडून ठेवू नका, पहिल्याच नाचात कुणीतरी घसरतं.

११. आवाहन: दोन मिनिटं

मध्यंतराच्या बरोबर आधी, दिवे लागायच्या आत. एकाच माणसाने, कागदावरून न वाचता. आकडा सांगा, तो कशाचा ते सांगा, देणगीचं पाकीट खुर्चीवरच आहे ते सांगा. बास.

ज्यांना मदत मिळणार त्यांना स्टेजवर बोलावू नका. त्यांचा व्हिडिओ दाखवू नका. पहिल्या वेळी एका पाहुण्यांनी भाषणात "अशी गरीब मुलं जरा उभी राहा बरं" असं म्हटलं होतं. कुणी उभं राहिलं नाही, आणि माझ्या शेजारी बसलेला मित्र पुढचे चार दिवस मेसवर आला नाही. पाहुण्यांना काय बोलायचं नाही, हेही आधी जाऊन सांगा.

पाकिटांतून त्या रात्री १७,३०० जमले. पाकिटावर नावाची जागा ठेवा, पण बंधनकारक नको. एका पाकिटात पाचशेची नोट होती आणि चिठ्ठी: ‘माझ्या वेळी कुणीतरी भरले होते’.

१२. हिशोब

त्याच रात्री, त्याच हॉलमध्ये, दिवे बंद व्हायच्या आधी. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, तिसऱ्याने ताडायचं, प्राध्यापकांची सही. रोकड कुणाच्या खोलीवर न्यायची नाही, कॉलेजच्या कपाटात ठेवायची आणि सकाळी बँकेत. आठ दिवसांच्या आत पूर्ण हिशोब नोटीस बोर्डावर लावा, जाहिरातदारांना आणि मोठ्या देणगीदारांना त्याची प्रत पाठवा. पुढच्या वर्षी तेच लोक दार उघडतात.

आमची जमा: जाहिराती १६,०००, प्रवेशिका ४१,०००, पाकिटं १७,३००, स्टॉल २,९००. एकूण ७७,२००. खर्च १५,०००. शिल्लक ६२,२००.

मुलांच्या हातात रोख देऊ नका, त्यांनाही ते नको असतं. आम्ही ट्रस्टचा चेक थेट मेसवाल्या मावशींच्या नावाने काढला. आठ जण, तीन महिने, ६२,४०० हवे होते, दोनशे कमी पडत होते. मावशी म्हणाल्या, "राहू दे रे, दोनशेनं काय होतंय," आणि पावतीवर ६२,४०० मिळाले असं लिहून मोकळ्या झाल्या. आम्ही ती पावती परत दिली आणि ६२,२०० ची दुसरी करून घेतली. खाली वेगळी ओळ लिहायला लावली: ‘सूट रु. २००’. मावशींनी लिहिली, पण कपाळावर हात मारत.